गाळाच्या टँकरला जीपीएस लावलं की झालं?

काळी_माती: कालच्या पोस्टमध्ये एकाने ठोकून दिलंय की सांडपाण्याचा गाळ शेतात टाकणाऱ्या प्रत्येक टँकरला जीपीएस लावा, नोंदी ऑनलाइन करा, की चोरून जादा ओतणं बंद. डोकं फिरलं वाचून. नेदरलँड्समध्ये जनावरांच्या खताच्या गाड्यांना जीपीएस होतं, वजन आणि सॅम्पलही आपोआप, तरी २०१७ मध्ये खोट्या नोंदी करून जादा खत खपवल्याचा घोटाळा बाहेर आलाच ना? टँकर कुठे उभा होता ते कळतं, तिथे किती ओतलं ते नाही.

नकाशावाला: मग काय वहीत लिहायचं? ओतलेलं मोजायला फ्लो मीटर असतो, तो लावा. युरोपात पाण्यात नायट्रेट उतरायचा धोका असलेल्या भागात जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्र एवढीच मुभा आहे, एकाच शेतात दोघांनी खत टाकलं तर वहीवरून बेरीज कोण करणार?

बांधावरून: नत्राचंच घेऊन बसलात. आमच्या काकांनी फुकट मिळतो म्हणून गाळ घेतला, सुरुवातीला पीक जोमात, मग माती तपासली तर कॅडमियम, विषारी धातू! ते आता कुठलं ॲप बाहेर काढणार? अमेरिकेत मेन राज्याने पीफासमुळे (सहजी न विरणारी घातक रसायनं) २०२२ मध्ये गाळ टाकणंच बंद केलं, तेच बरोबर.

नकाशावाला: आणि त्याच मेनमध्ये आधी कुठली शेतं तपासायची ते जुन्या परवान्यांच्या नोंदींवरून ठरलं, हे पण सांगा की.

फुकट_खत: नोंदी ठेवा, पण कुठल्या शेतात गाळ पडला त्याचा नकाशा सगळ्यांना उघडा नको. शेतावर लाल ठिपका दिसला की जमिनीला गिऱ्हाईक नाही, बँक दारात उभी करत नाही. गाळ देणारा मोकळा, ठिपका आमच्या नावावर.

विहीरकाठ: म्हणजे लपवायचं? शेजाऱ्याने भर पावसात उतारावर टँकर रिकामा केला, दुसऱ्या दिवशी आमच्या विहिरीचं पाणी काळपट, वास असा की बादली तोंडाजवळ नेववेना. विचारलं तर म्हणे खासगी माहिती आहे. माझी पोरं तेच पाणी पितात हो!

फुकट_खत: आवाज चढवू नका, मी चोर नाही. ठिपका लावायचाच तर गाळ देणाऱ्याचं नाव आणि त्या खेपेचा लॅब रिपोर्ट पण तिथेच दिसू दे.

विहीरकाठ: ते दिसलंच पाहिजे, त्यावर माझं भांडण नाही. पण नकाशा उघडाच हवा.

काळी_माती: बरं, फ्लो मीटर आणि खेपेचा रिपोर्ट जोडणार असाल तर नोंदींना माझा विरोध नाही. पण सॅम्पल गाळ देणाऱ्याच्या माणसाने भरायचं नाही. ही अट कुणी मान्य करतंय का, ते आधी सांगा.