जपान: शेजारच्या आजी दारात एक क्लिपबोर्ड देऊन गेल्यात, त्याचं करायचं काय?

नवा_चिबाकर
मंडळी, तोक्योतल्या निशी-कासाईचा फ्लॅट सोडून नुकतेच चिबाकडे भाड्याच्या छोट्या स्वतंत्र घरात आलोय. तिकडे बिल्डिंगमध्ये निम्मे आपलेच लोक, त्यामुळे जपानी शेजार असा कधी वाट्याला आलाच नाही. इथे गल्लीत परदेशी आम्ही एकटेच.

परवा शेजारच्या आजी बेल वाजवून एक क्लिपबोर्ड देऊन गेल्या. हसत हसत बरंच बोलल्या, मी 'हाय, हाय' (म्हणजे हो, हो) करत मान डोलावली. वर एक तक्ता आहे, त्यात घरोघरची आडनावं आणि पुढे लाल शिक्के. सगळ्यात खाली काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, आमचं आडनाव! खालचे कागद गूगल लेन्सने वाचले: एकात गटार सफाईची तारीख, एकात म्हाताऱ्यांना फोनवरून गंडवणाऱ्यांपासून सावध राहा अशी सूचना, एकात प्राथमिक शाळेचं बातमीपत्र. आमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही.

हा बोर्ड ठेवून घ्यायचा की परत द्यायचा? इथे सहीऐवजी वापरतात तो नावाचा शिक्का माझ्याकडे नाही. आणि बोलण्यात 'चोनाइकाइ' दोनतीनदा आलं, वर्गणीचंही काहीतरी होतं. ती सक्तीची असते का? बायको म्हणते भरून टाक, मी म्हणतो आधी विचारू. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सैतामाची_सून
परवा दिलाय आणि अजून तुमच्याकडेच? आधी तो घराबाहेर काढा, मग पुढचं वाचा.

याला काइरानबान म्हणतात. वाचायचं, आपल्या चौकोनात शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायचा. शिक्का नसेल तर सही चालते, आमच्याकडे तर एक काका नुसता गोल काढतात. तुमचं नाव शेवटी आहे म्हणजे बोर्ड बहुधा हानचोकडे, म्हणजे तुमच्या गल्लीच्या गटप्रमुखाकडे परत जायचा. कोण ते आजींना विचारा. ते घरी नसतील तर त्यांच्या दारातल्या टपालपेटीत टाका, पण अर्धा बाहेर लोंबकळत ठेवू नका. घरात कुणी नाही हे चोराला आयतं कळतं, असं आमच्या सासूबाईंचं ठाम मत.

या बोर्डाचा इतिहास तसा गोड नाही. 1940 साली सरकारने शेजारपाजारच्या घरांचे गट बांधले, तोनारिगुमी. सरकारी हुकूम पोचवणं, रेशन वाटणं आणि एकमेकांवर डोळा ठेवणं, सगळं त्यातूनच. 1947 मध्ये अमेरिकन ताब्याच्या काळात ते गट मोडले, पण बोर्ड फिरतच राहिला.

चोनाइकाइ म्हणजे वस्तीची संघटना. सक्ती नाही. आमच्याच सैतामातल्या एका सरकारी वसाहतीच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सभासद केव्हाही बाहेर पडू शकतो. पण कायदा वेगळा आणि कचरा वेगळा! गाडी नगरपालिकेची असली तरी कचऱ्याची जागा झाडणं, कावळ्यांसाठी जाळी टाकणं हे बऱ्याच ठिकाणी चोनाइकाइची माणसं पाळीपाळीने करतात. गल्लीतल्या दिव्यांचं बिलही पुष्कळदा तीच भरते. वर्गणी साधारण महिन्याला काहीशे येन. मी तरी भरेन.

ओसाकाचा_बंड्या
मी आजवर सभासद झालो नाही, काहीही बिघडलं नाही. घाबरवू नका त्यांना. आणि भरणार असाल तर त्यात देणग्या धरल्यात का ते विचारा. शरद ऋतूत समाजकार्यासाठी ते लाल पिसांचं फंड गोळा करणं सुरू होतं ना, तसल्या गोष्टी. शिगामधल्या कोका गावात अशाच देणग्या वर्गणीत घातल्या होत्या, लोक कोर्टात गेले आणि 2007 मध्ये ओसाका उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं.

सैतामाची_सून
बंड्या, तू मान्शनमध्ये, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत राहतोस. तुझा कचरा मॅनेजमेंट कंपनी बघते, म्हणून तुला सुचतंय. देणग्यांचं मात्र बरोबर आहे, ते विचाराच.

कोबेकर_आजोबा
मी एवढंच सांगतो. 1995 च्या भूकंपात इथे ढिगाऱ्याखाली अडकलेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ओढून काढलं. अग्निशमन दल सगळीकडे पोचणं शक्यच नव्हतं. कुठल्या घरात कोण, कुठल्या खोलीत झोपतं, हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. वर्गणी भरा न भरा, पण त्या कागदांत आपत्ती सरावाची तारीख असेल तर जाऊन तोंड दाखवून या. नवराबायको दोघंही.

नवा_चिबाकर
सगळ्यांचे आभार. सही करून आत्ताच हानचोंकडे बोर्ड देऊन आलो. सत्तरीचे गृहस्थ निघाले, टोमॅटो लावलेत अंगणात. वर्गणीत देणग्या नाहीत, त्या वेगळ्या पाकिटातून आणि ऐच्छिक. हिशोबाचा कागदच काढून दाखवला त्यांनी, न मागता. भरून टाकली.

रविवारी सकाळी आठला गटार सफाई आहे, हो म्हणून बसलोय. गमबूट आपले न्यायचे की तिथे मिळतात?

सैतामाची_सून
गमबूट आणि हातमोजे आपले. फावडी असतात त्यांच्याकडे. आठ म्हणजे पावणेआठ हं, आठला पोचलात तर निम्मं गटार साफ झालेलं असेल.