कथेत एका पात्राच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात कसं जायचं? वाचणारे गोंधळतायत

कडीचा_डबा:
दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. सासूबाईंच्या तेराव्याचा दिवस, घरात सून सुमन, नणंद मीनल आणि सासरे नाना. मला तिघांच्याही मनातलं सांगायचंय कारण प्रत्येकाला अर्धंच माहितीये. मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हणाली, सगळं छान आहे पण हा गोळा नक्की कुणाच्या पोटात आला? मी म्हटलं कसला गोळा, तर तिने हा पॅरा दाखवला:

"सुमनने कडीचा डबा उघडला. आत पाटल्या नव्हत्या. मीनलने नेल्या असणार, तिला वाटलं. मीनल दारातच उभी होती. सुमन आता काय बोलणार या विचाराने तिच्या पोटात गोळा आला. नानांना सगळं कळत होतं."

आता मलाही कळेना. प्रत्येक वेळी नाव लिहिलं तर रेशनकार्डासारखं वाटतं. काय करू?

तिरपी_रेघ:
सहा वाक्यांत तीन डोकी झाली ना हो. दोघी बायका असल्यावर "तिला" आणि "तिच्या" हे शब्द काही कामाचे राहत नाहीत. माझा साधा नियम, एका प्रसंगात एकच डोकं. सुमनच्या आत असाल तर मीनलच्या पोटातला गोळा तुम्हाला दिसूच शकत नाही, तिचे हात दिसतील, चेहरा दिसेल, तेवढंच लिहा. मीनलकडे जायचं तर एक ओळ मोकळी सोडा आणि नवीन भागाच्या पहिल्याच वाक्यात कळू दे की आता कोण बघतंय. आणि नानांचं ते वाक्य कापाच, एका ओळीपुरतं कुणाच्या डोक्यात शिरून काय मिळणार!

ओसरीवरचा:
नियम वगैरे मला पटत नाही. सगळ्यांच्या मनातलं जाणणारा निवेदक आपल्याकडे पूर्वापार आहे, कीर्तनकार नाही का एका दमात रामाच्या मनातलं सांगतात आणि दुसऱ्या दमात कैकेयीच्या, कुणी गोंधळत नाही, कारण आवाज बदलतो, मान वळते. कागदावर मान वळवायची सोय नाही म्हणून दुसरं काहीतरी लागतं. आणि मराठीत ते आयतं आहे, नातं. तुमच्या पॅऱ्यात दोघींनाही नावाने हाक मारणारा कुणी तिसराच बोलतोय. सुमन मनात तरी नणंदेला नुसतं मीनल म्हणेल का? ती "मीनलताई" म्हणणार आणि क्रियापदही आदराचं येणार, "मीनलताई दारात उभ्या होत्या". मीनलच्या बाजूने तीच बाई "वहिनी", आणि नाना तिला सूनबाई म्हणतील नाहीतर काहीच म्हणणार नाहीत. "उभी होती"चं "उभ्या होत्या" झालं की डोकं बदललेलं वाचणाऱ्याला आपोआप कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

शाईचा_डाग:
वरच्या मुद्द्याला +१. सरळ प्रथमपुरुषी का करत नाही पण? 'मृत्युंजय' (१९६७) आठवा, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण "मी" म्हणून बोलतात, कुणाचा भाग ते आधीच कळतं त्यामुळे गोंधळ शून्य. आता सगळे एकाच भरजरी मराठीत बोलतात ही माझी जुनी तक्रार, पण ते असो. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) तो प्रश्न येत नाही. भाऊबहीण, दोघंही घरातल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात. तनय त्या माणसालाच "तू" म्हणत बोलतो, अनुजाचा भाग डायरीसारखा. म्हणजे नुसतं कोण बोलतंय एवढंच बदलत नाही, कुणाशी बोलतंय तेही बदलतं.

तिरपी_रेघ:
@शाईचा_डाग ते भाऊबहीण आहेत, "गेलो" आणि "गेले" यावरूनच निम्मं काम होतं. इथे दोघी बायका, दोघीही "मी गेले"च म्हणणार. शिवाय "मी पाहिलं", "मला वाटलं" यात तर बाई की बुवा हेही कळत नाही.

कडीचा_डबा:
नात्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता!! काल रात्री परत लिहिलं, बघा:

"सुमनने कडीचा डबा उघडला. तळाशी नुसतंच हळदीचे डाग पडलेलं फडकं. मीनलताई दारात उभ्या होत्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत.

वहिनीने डबा बंद केला पण कडी लावली नाही. आई कडी लावल्याशिवाय कधी डबा ठेवायची नाही. मीनलला वाटलं, आपण आत्ताच काहीतरी बोलायला हवं."

ओसरीवरचा:
आता बरोबर. डबा सुमनच्या हातातून मीनलच्या नजरेत गेला आणि आपणही गेलो. "आई" या एका शब्दाने जागा पक्की झाली, सुमनच्या डोक्यात असतो तर तिथे "सासूबाई" आलं असतं. "मीनलला वाटलं" मात्र काढा, आता त्याची गरज नाही, नुसतं "आत्ताच काहीतरी बोलायला हवं होतं" पुरे.

शाईचा_डाग:
मस्त जमलंय. पण पाटल्या गेल्या कुठे?

कडीचा_डबा:
ते फक्त नानांना माहितीये, आणि नानांना तुम्हीच कापायला लावलंत 😄 आता त्यांना शेवटी एक अख्खा भाग द्यावा लागणार, शब्दमर्यादेचं संपादकांशी बोलून बघते.