मदत हवी आहे: सोसायटीच्या एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा) गाळ भातखाचरात टाकू का?

खाचर_शीळफाटा
नमस्कार मंडळी. एक एकर भात, भातामागे वाल, कडेला दहा गुंठे पालेभाजी. घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलातून फिल्टर प्रेसचा केक (दाबून पाणी काढलेला गाळ) फुकट मिळतोय, टेम्पोभाडं तेवढं आपलं. खेपेला तीन टन. रिपोर्ट असा: ओलावा ७९ टक्के. कोरड्या वजनावर नत्र ४.२, स्फुरद २.६, पालाश ०.४ टक्के. जस्त ७२०, तांबं २१०, क्रोमियम ४१, शिसं ३८, निकेल २४, कॅडमियम १.१ मिग्रॅ/किलो. मे महिन्यात थेट पसरून नांगरला तर चालेल? युरिया बंद करता येईल?

गाळ_गणित
युरिया बंद होणार नाही. तीन टनांत कोरडा माल ६३० किलो, त्यात नत्र साडेसव्वीस किलो, पण बहुतेक सेंद्रिय रूपात अडकलेलं. कच्च्या गाळातून पहिल्या वर्षी त्यातलं साधारण ३० टक्के सुटतं, कंपोस्ट केल्यावर १० टक्क्यांच्या आसपास. भाताला एकरी ४०:२०:२० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) धरलं तर कंपोस्टचे दोन-अडीच किलो वजा करूनही ८० किलो युरिया लागेलच. पालाश अडीच किलो, म्हणजे नसल्यातच जमा. एमओपी (पालाशचं खत) ३० किलो द्या.

खरी बचत स्फुरदात आहे: १६ किलो. फक्त रिपोर्टमधला आकडा पी२ओ५चा (खतांचे आकडे ज्यात देतात ते ऑक्साइड रूप) आहे की नुसत्या पीचा (मूलद्रव्य फॉस्फरस), ते लॅबला विचारा. नुसता पी असेल तर २.२९ ने गुणा. मग एकाच खेपेत ३७ किलो होतात आणि त्या हंगामात सुपर फॉस्फेट टाकायचं कारणच उरत नाही.

धातू खत नियंत्रण आदेशातल्या शहरी कंपोस्टच्या मर्यादेत आहेत (जस्त १०००, तांबं ३००, शिसं १००, क्रोमियम आणि निकेल ५०, कॅडमियम ५). पारा आणि आर्सेनिक तपासलेलेच नाहीत. मर्यादा ०.१५ आणि १०, तेवढे करून घ्या.

प्लांट_ऑपरेटर_ठाणे
धातूंपेक्षा मोठी अडचण म्हणजे रिपोर्टमध्ये फिकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) तपासलेले नाहीत. सोसायटीच्या एसटीपीत बहुधा डायजेस्टर (गाळ कुजवून स्थिर करणारी टाकी) नसतो, टाकीतला जादा गाळ सरळ प्रेसवर जातो. वरून सुकलेला दिसला तरी माल कच्चाच, आणि जंतांची अंडी नुसत्या उन्हात वाळवून मरतीलच असं नाही. थेट पसरू नका. मेच्या अखेरीस पसरलेला केक पहिल्याच मोठ्या पावसात नाल्यात किंवा विहिरीत उतरतो. खाचरात राहिली ती ढेकळं चिखलात हवेवाचून कुजतात आणि रोपांची मुळं काळी पडतात.

आधी ढीग लावा. तीन टन केकला सुमारे सव्वा टन कोरडा पेंढा, बोटभर लांबीचे तुकडे करून. असं मिसळलं की कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या जवळ येतं आणि ओलावा ६० टक्क्यांवर. पेंढ्यात काटकसर केली तर अमोनियाचा वास सुटतो. तो वास म्हणजे तुमचं नत्रच उडून चाललंय. ढीग दीड मीटर उंच, पत्र्याच्या शेडखाली, उंचवट्यावर, भोवती चर. ढिगाच्या पोटात लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून ५५ अंशांच्या वर किमान १५ दिवस, आणि त्या काळात पाच पलट्या. पलटीत बाहेरचा थर आत गेलाच पाहिजे, नाहीतर कडेचा माल कच्चा राहतो. ताप उतरला की महिनाभर मुरू द्या. मग तपासणी: अमेरिकेच्या गाळाबाबतच्या ५०३ नियमांत क्लास 'ए' (सर्वांत सुरक्षित दर्जा) साठी ग्रॅमला १००० एमपीएनपेक्षा (जंतूंची अंदाजी संख्या) कमी फिकल कोलिफॉर्म ही अट आहे, तीच धरा.

तयार माल चिखलणीच्या वेळी टाका, बांध पक्के करून. राबात (रोपवाटिकेत) नको, क्षारांनी कोवळी रोपं करपतात.

खाचर_शीळफाटा
पालेभाजीला? आणि पेंढा कमी पडला तर वखारीतला भुसा चालेल का?

गाळ_गणित
पालेभाजीत नको. कोथिंबीर, मुळा, पालक मातीला टेकून वाढतात आणि निम्मं कच्चंच खाल्लं जातं. वालाला हरकत नाही, शेंग वर असते.

प्लांट_ऑपरेटर_ठाणे
साध्या लाकडाचा भुसा चालेल, पण नुसता बारीक घेतला तर ढीग दडपतो, हवा खेळत नाही. अर्धा भुसा, अर्धा रंध्याचा छिलका घ्या. प्लायवुड-एमडीएफचा भुसा अजिबात नको, त्यात रेझिन असतं. आणि उद्या कोणी टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) सीईटीपीचा (कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी प्रकल्पाचा) गाळ देऊ केला तर तो घातक कचऱ्यात मोडतो. टेम्पो गेटवरूनच परत पाठवा.