शेततळं दुपारी लाल, सांजेला हिरवं. मोरचूद टाकू का?

प्रश्न (तासगाव): द्राक्षबागेचं प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे, अंदाजे २० लाख लिटरचं. आठवडाभर दुपारी विटकरी साय धरते, ऊन उतरलं की तीच हिरवी. रोहू-कटला मासे सोडलेत. पाण्यात लोह वाढलंय की लोणारसारखं काही? मोरचूद (कॉपर सल्फेट) किती लागेल?

उत्तर १: लोहाचा गंज तळाला बसतो, उन्हाबरोबर रंग बदलत नाही. लोणार २०२० मध्ये गुलाबी झालं ते खारटपणा वाढून मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजल्यामुळे. तुमचं पाणी गोडं. ही बहुधा युग्लिना, एकपेशीय शेवाळ. तिच्या पेशीतले लाल कण कडक उन्हात पृष्ठभागाकडे सरकून हरितद्रव्यावर सावली धरतात, मंद उजेडात आत जातात. दुपारची साय पांढऱ्या वाडग्यात घेऊन सावलीत ठेवा. हिरवी पडली तर युग्लिनाच असण्याची शक्यता मोठी. पण सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघून घ्याच, कारण तिच्या काही जाती माशांना मारणारं विष सोडतात. जनावरांनाही हे पाणी पाजू नका.

उत्तर २: दादा, मोरचुदाची घाई नको. हिशेब असा: पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे; मिलिग्रॅम प्रतिलिटर) भागिले १००, तेवढे मिलिग्रॅम मोरचूद दर लिटरला. क्षारता १५० असेल तर १.५, म्हणजे २० लाख लिटरला ३ किलो. क्षारता ५० च्या खाली असेल तर मासे असताना टाकूच नका, तांबं त्यांना थेट बाधतं. आणि मात्रा बरोबर असली तरी सगळं शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. पहाटे मासे तोंड वर काढतात आणि मग हातात काही राहत नाही. आधी वाऱ्याने ज्या काठाला साय लोटली असेल तिथून बारीक कापडाने ती काढा आणि लांब टाका. शेणखताचा निचरा, उरलेलं मत्स्यखाद्य बंद करा. मूळ दुखणं तेच आहे.

उत्तर ३: ड्रिपला चालेल, पण साय ओढली गेली की सँड फिल्टर लगेच चोंदतो. फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचं पाण्यातलं तोंड) पृष्ठभागाच्या २ फूट खाली, गाळाच्या वर टांगता ठेवा. फिल्टरच्या आधीच्या नि नंतरच्या दाबाच्या गेजमध्ये ०.५ किलोचा (प्रति चौ. सेंमी) फरक दिसला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा.

प्रश्नकर्ता: रात्री चमकेल का? कोकणात समुद्र चमकतो म्हणतात.

उत्तर १: नाही. ती चमक नॉक्टिलुका या समुद्री जिवाची, लाटेने ढवळला की निळसर उजळतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही.