मदत हवी आहे: टाके घालून पूर्ण झालेले गोधडीचे चौकोन एकमेकांना कसे जोडायचे?

सुईदोरा

नमस्कार. गोधडी, वाकळ, क्विल्ट यातलं काहीही करणाऱ्या सगळ्यांचा सल्ला हवा आहे.

डिसेंबरात आईची पंचाहत्तरी आहे. आजीच्या सुती नऊवारी साड्या आम्ही घरातल्या बायकांनी वाटून घेतल्या आणि आपापल्या घरी बसून प्रत्येकीने चौकोन करायचे ठरवले. पुणे, नाशिक, धुळे, बंगळुरू अशा चार गावांतून मिळून २० चौकोन माझ्याकडे आले आहेत. प्रत्येक चौकोन म्हणजे एक छोटी गोधडीच आहे: वर साडीचे तुकडे, मध्ये थर, खाली अस्तर, आणि तिन्ही धरून हाताने धावदोरा घातलेला. आता मला त्यांची चार गुणिले पाच अशी एक गोधडी करायची आहे.

अडचणी अशा:

बहुतेक चौकोन पावणेबारा ते साडेबारा इंचांच्या दरम्यान आहेत. वहिनीचा एक मात्र पावणेअकराच भरतो.

जाडी सारखी नाही. धुळ्याच्या चौकोनांत जुन्या साडीच्याच चार घड्या आहेत, म्हणून ते पातळ आणि जड आहेत. बंगळुरूच्या बहिणीने पॉलिस्टरचं वॉडिंग वापरलं आहे, ते फुगीर आहेत.

टाके थेट कडेपर्यंत आहेत. जोडायला मोकळं कापड कुठेच नाही.

माझ्याकडे पायाने चालवायची जुनी काळी मशीन आहे. हातशिलाईला वेळ आहे, तयारीही आहे. दोनच गोष्टी सोडायच्या नाहीत. कुणाचेही टाके उसवायचे नाहीत, कारण ज्यांनी ते घातले त्यांच्यासाठीच तर हे सगळं चाललं आहे. आणि मागची बाजूही नेटकी हवी. आई गोधडी हातात घेतली की आधी उलटून बघते.

रानजाई

किती सुंदर कल्पना आहे ताई! सगळ्याजणींना शाबासकी सांगा.

सुटे चौकोन जोडायची नेहमीची पद्धत अशी. टाके कडेच्या एक इंच आधीच थांबवायचे. मग फक्त वरची कापडं सुलटीवर सुलट ठेवून पाव इंचावर टीप मारायची, मधले थर एकमेकांना टेकतील इतके कापून तिरक्या टाक्यांनी जोडायचे, आणि अस्तराची एक कड दुसरीवर दुमडून हाताने हेम घालायचं. सांधा दिसतसुद्धा नाही. पण तुमचे टाके कडेपर्यंत आहेत, त्यामुळे चारी बाजूंनी इंचभर उसवल्याशिवाय हे जमणार नाही. तुमची अट मला पटते, म्हणून ही पद्धत बाजूला ठेवू. पुढच्या वेळेसाठी माहीत असू द्या.

चौकोनांच्या कडा बाहेर काढून शिवायच्या आणि कात्रीने कातरून झालर सोडायची, असंही कुणीतरी सुचवेल. ते करू नका. फ्लॅनेलला ते शोभतं. जुनं नऊवारीचं सूत सुटत जाईल आणि शिवणीपर्यंत पोचेल.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते, इथे या प्रकाराला क्विल्ट ॲज यू गो म्हणतात. तुमच्या चौकोनांना पट्टीची जोडणीच योग्य, कारण तिच्यात टाके कडेपर्यंत असले तरी चालतात. दोन चौकोनांच्या मध्ये पुढून एक पट्टी, मागून एक पट्टी, आणि दोघींच्या पोटात कडा बंद. जरा सविस्तर लिहिते.

आधी माप. सगळे चौकोन ११.५ इंचांना आणा. पण थेट कात्री लावू नका. हाताचा धावदोरा कापला की टोकाकडून सुटायला लागतो. आधी ११.५ चा चौकोन खडूने आखा, त्या रेषेच्या एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत चारी बाजूंनी मशीनची टीप मारा, मगच रेषेवर कापा. ती टीप पुढे पाव इंचाच्या शिवणीत लपते.

वहिनीच्या लहान चौकोनासाठी बाकीचे १९ कापून छोटे करू नका. त्याला चारी बाजूंनी पुढून-मागून पट्टी लावून, मध्ये थर भरून चौकट करा आणि मग तोही ११.५ ला कापा. कुणाला वाटणारही नाही की तो कमी होता.

पट्ट्या. तयार पट्टी दोन इंचांची दिसेल असं धरा. पुढची पट्टी अडीच इंच रुंद कापा. मागची तिच्यापेक्षा एक सूत जास्त, कारण तिला शेवटी टीप झाकायची असते.

जोडणी. पहिल्या चौकोनाच्या एका कडेला पुढून पुढची पट्टी आणि मागून मागची पट्टी, दोन्ही सुलटीवर सुलट ठेवा आणि पाव इंचावर एकच टीप सगळ्यातून मारा. दोन्ही पट्ट्या उघडा. आता फक्त पुढच्या पट्टीची मोकळी कड दुसऱ्या चौकोनाच्या सुलट बाजूवर ठेवून टीप मारा. मागची पट्टी बाजूला धरा, नाहीतर शिवणीत अडकते. काम पालथं घाला. दोन चौकोनांच्या कडांमध्ये दीड इंचाची फट दिसेल. त्यात दीड इंच रुंद थराची पट्टी बसवा आणि दोन्हीकडच्या कडांना सैल तिरक्या टाक्यांनी धरा. मग मागच्या पट्टीची कड पाव इंच आत दुमडून टिपेवर आणा आणि हाताने हेम घाला.

आधी आडव्या ओळी पूर्ण करायच्या, प्रत्येकीत चार चौकोन आणि तीन छोट्या पट्ट्या. मग ओळींमध्ये लांब पट्ट्या याच रीतीने.

एक गोष्ट फार महत्त्वाची. छोट्या पट्ट्या आधीच बरोबर ११.५ इंच लांब कापून ठेवा. लांब पट्टी लावून नंतर उरलेली कापली, तर जो चौकोन ताणला गेला तो ताणलेलाच राहतो.

सुईदोरा

हडसनकाठ, मनापासून आभार. फटीत थर भरायचा हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. अर्धा इंचाची बारीक पट्टी केली तर हा थर लागणार नाही ना? आणि लांब पट्टी लावताना वरच्या आणि खालच्या ओळीतल्या उभ्या पट्ट्या एका रेषेत कशा आणायच्या?

हडसनकाठ

बरोबर. अर्धा इंचाच्या पट्टीत दोन्ही चौकोनांची पाव-पाव इंच माया (शिवणीच्या आत जाणारी कड) मिळून जागा भरून निघते, थर लागत नाही. त्यासाठी पुढची पट्टी एक इंच कापतात आणि मागची पावणेदोन इंच, उभी मध्ये दुमडून दुहेरी. पण तुमच्या जाडीत इतका फरक आहे की इतक्या अरुंद जागेत कडा एकमेकींवर चढतील. दोन इंचच घ्या.

उभ्या रेषांसाठी लांब पट्टीवर आधी खडूने खुणा करा. एका टोकापासून ११.२५, मग २, ११, २, ११, २, आणि शेवटी ११.२५. बेरीज ५०.५ इंच, तेवढीच पट्टीची लांबी. दोन्ही कडांवर त्याच खुणा. मग उभ्या पट्टीच्या शिवणी त्या खुणांवर टाचणीने पक्क्या करा आणि मधलं कापड त्यात सामावून घ्या.

वाकळ

मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे वाकळ अशी सुटी करत नाहीत. सगळं कापड एकदम अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेने सुरुवात करून धावदोऱ्याने आत आत यायचं. उत्तर कन्नडकडचे सिद्दी लोक कवंदी करतात तीही कडेकडून मध्याकडेच शिवत येतात. म्हणून माझं सांगणं जोडणीच्या नंतरचं आहे.

पट्ट्या जोडून झाल्या की त्या नुसत्या सोडू नका. चौकोन टाक्यांनी भरलेले आणि पट्ट्या पोकळ, असं झालं की चार धुण्यांत पट्टीतला थर गोळा होतो. प्रत्येक पट्टीतून पुढून मागपर्यंत जाणाऱ्या धावदोऱ्याच्या निदान दोन ओळी घाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याने सगळ्याजणींचं काम एका धाग्यात येतं. हे टाके तुम्ही एकटीने घालू नका. पंचाहत्तरीच्या आधी सगळ्या जमणार असाल तेव्हा गोधडी मध्ये अंथरा आणि चारी बाजूंनी बसा.

जाडीबद्दल: फुगीर चौकोन सगळे मधल्या भागात घ्या, पातळ कडेला. कडेला फुगीर आले तर शेवटची पट्टी दुमडताना सुई जात नाही.

टीपटाप

वाकळताई, धावदोऱ्याचं अगदी पटलं. चौकोनांच्या मांडणीबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. फुगीर सगळे मध्ये आले तर गोधडी मध्ये उशीसारखी उंच होते आणि जड कडा दोन्ही बाजूंना ओढतात. मी एकाआड एक मांडीन. काठ जाड लागलाच तर शेवटच्या पाव इंचातलं वॉडिंग कात्रीने थोडं विरळ करता येतं, टाक्यांना हात न लावता.

दुसरं, पट्टी नको असेल तर आणखी एक रस्ता आहे. प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र काठपट्टी लावून तो पूर्ण बंद करायचा आणि मग कडेला कड लावून हाताने बारीक टाक्यांनी सगळे जोडायचे. अमेरिकेत न्यू इंग्लंडमध्ये, विशेषतः मेनमध्ये, १९ व्या शतकात असे क्विल्ट खूप झाले. त्यांना पॉटहोल्डर क्विल्ट म्हणतात. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांसाठी पाठवलेल्यांतही असे होते. अनेक बायकांनी आपापल्या घरी चौकोन करायचा आणि मग एकत्र आणायचं, हे तुमचंच काम. जाडीतला फरकही त्यात सहज सामावतो.

पण हिशेब बघा. साडेअकराच्या चौकोनाचा घेर ४६ इंच, २० चौकोनांचे ९२० इंच, म्हणजे सुमारे २३ मीटर काठपट्टी, आणि प्रत्येक चौकोनाचे चार कोपरे. डिसेंबरपर्यंत वेळ असेल तर मला हीच पद्धत जास्त आवडेल, कारण प्रत्येकीचा चौकोन आपल्या चौकटीत पूर्ण राहतो.

सुईदोरा

पॉटहोल्डरची गोष्ट वाचून फार भारी वाटलं. पण वाकळताईंनी सांगितलेला, सगळ्यांतून जाणारा धावदोरा मला सोडवत नाही, आणि तो पट्ट्यांमध्येच शोभेल. तेव्हा पट्टीचीच जोडणी करते. मांडणी एकाआड एक. कालच सतरंजीवर मांडून बघितली, हिरव्या आणि जांभळ्या काठांचे चौकोनही असेच छान विखुरतात.

आता एक चौकोन राहिला, त्याचं काय करू सांगा. धुळ्याच्या आत्याचा आहे. हात थरथरतो म्हणून तिचे टाके एका बाजूला तांदळाएवढे आणि दुसऱ्या बाजूला करंगळीच्या नखाएवढे झाले आहेत, पण एकही ओळ तिने सोडलेली नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात तिने लाल दोऱ्याने छोटं तुळशीवृंदावन भरलं आहे. त्याचा पाया खालच्या कडेपासून जेमतेम अर्धा इंच आणि उजव्या कडेपासूनही तेवढाच. चौकोन साडेबारा इंच आहे. चारी बाजूंनी सारखा कापला तर वृंदावनाचा पाया जातो.

हडसनकाठ

चारी बाजूंनी सारखा कापायचाच नाही. खालची आणि उजवी कड आहे तशी ठेवा आणि पूर्ण एक इंच वरून आणि डावीकडून काढा. शिवणीत पाव इंच जाईल, तरी पाया आणि पट्टी यांच्यात पाव इंच मोकळी जागा राहते. आधी खालची आणि उजवी कड एकमेकींशी काटकोनात आहेत ना ते बघा. नसतील तर गुण्याने सरळ करताना जे काही जाईल ते वृंदावनापासून दूरच्या टोकाला जाऊ द्या.

आणि त्या कोपऱ्यात मशीनची टीप मारू नका. वृंदावनाच्या आसपास दोन-तीन इंच हाताने बारीक टीप घाला. पायमशीनचा दाब जास्त असेल तर जाड कामात वरचं कापड पुढे सरकतं आणि तिथे चुणी पडते. बाकी कामालाही प्रेशर फूटवरचा (कापड दाबणाऱ्या पायाचा) स्क्रू थोडा सैल करा, टाका मोठा ठेवा आणि १६ नंबरची सुई लावा.

रानजाई

आत्याचा चौकोन उशाकडे येऊ द्या, आई पांघरेल तेव्हा वृंदावन हाताशी राहील.

कापडाचा अंदाज देते. ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड पुढच्या पट्ट्यांना एक मीटर, मागच्यांना एक मीटर, शेवटच्या काठपट्टीला अर्धा मीटर. कडा सरळ आहेत, उरेप (तिरक्या कापलेल्या) पट्टीची गरज नाही. तयार गोधडी साधारण ५०.५ गुणिले ६३.५ इंच होईल.

नवं कापड कापायच्या आधी धुऊन घ्या. साड्या वर्षानुवर्षं धुतलेल्या आहेत, त्या आता आटणार नाहीत. नवी पट्टी आटली तर प्रत्येक चौकोन आवळला जाईल. लाल किंवा गडद निळी पट्टी घेणार असाल तर ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून इस्त्री फिरवा. रुमालाला जरासाही रंग लागला तर ते कापड घेऊ नका.

सुईदोरा

उशाकडचा उजवा कोपरा आत्याचा, ठरलं. पट्ट्यांना मांजरपाट घ्यावं की आजीच्याच एका साडीचा काठ सोडून उरलेला भाग? साडी अजून शिल्लक आहे, पण दोन ठिकाणी विरली आहे.

वाकळ

पुढून साडी, मागून मांजरपाट. ओढ सगळी मागच्या पट्टीवर घ्या. साडीचा विरलेला भाग उजेडासमोर धरून बघा. बोटं आरपार दिसली तर तो तुकडा पट्टीला घेऊ नका.

आणि पहिल्यांदा धुवाल तेव्हा गार पाण्यात, रिठ्याने, न पिळता. ओली गोधडी दोरीवर टाकू नका, पाण्याच्या वजनाने सगळ्या जोडण्या ओढल्या जातात. बाजेवर जुनी चादर टाकून सावलीत पसरा आणि दुपारी एकदा उलटा.