कमाल मेमरी: 'असू दे जास्त' परवडत नाही

कुणीतरी सुचवलंय की एलपार (आयबीएम पॉवर सर्व्हरचा एक स्वतंत्र भाग, म्हणजेच पार्टिशन) बनवताना कमाल मेमरी, म्हणजे चालू असताना जिथवर वाढवता येईल ती मर्यादा, सढळ हाताने ठेवावी, न वापरलेली फुकटच असते. नाही हो, फुकट नसते! हायपरव्हायजर (सर्व्हरची साधनं पार्टिशनांत वाटणारी प्रणाली) प्रत्येक पार्टिशनसाठी पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांची नोंदवही) राखून ठेवतो, आणि त्याचा आकार चालू मेमरीवर नाही, कमाल आकड्यावर ठरतो. नेमका किती भाग ते सिस्टिमवर ठरतं, इथे 64 वा धरा. म्हणजे 64 जीबीवर चालणाऱ्या पार्टिशनला कमाल 512 जीबी दिलीत, तर 8 जीबी नुसती पेज टेबलातच गेली. अशी दहा पार्टिशनं केलीत की बसा मेमरी शोधत. पण अगदी कंजूषपणाही नको, कारण कमाल आकडा वाढवायचा तर पार्टिशन बंद करून नव्याने चालू करावं लागतं. मी चालू मेमरीच्या दीडपट-दुप्पट ठेवतो.

प्रोसेसरचं म्हणाल तर अनकॅप्ड (हक्काच्या वाट्यापलीकडची मोकळी ताकद वापरायची मुभा) केलं म्हणून अमर्याद मिळत नाही. व्हर्च्युअल प्रोसेसर (पार्टिशनला दिसणारे प्रोसेसर) 2 असतील, तर 2 कोअरच्या वर काही जात नाही.

आणि एक, स्वतः पोळून शिकलेलं. हिंजवडीत असताना चालू पार्टिशनला एचएमसीवरून (सर्व्हर सांभाळायच्या कन्सोलवरून) मेमरी वाढवून दिली, सगळे खूश. प्रोफाइलमध्ये (पार्टिशनचे आकडे साठवलेले असतात तिथे) मात्र सेव्ह केलं नाही, बदल आपोआप तिथे उतरवणारं सिंकही बंद होतं. पुढच्या देखभालीत प्रोफाइलवरून चालू केलं आणि जुनेच आकडे परत! रविवारची रात्र टपरीच्या चहावर काढली. जाता जाता, व्हीआयओएस (बाकी पार्टिशनांना डिस्क-नेटवर्क वाटून देणारं पार्टिशन) दोन ठेवताय ना? एकावर भागवू नका.