साखरेविना सॉल्टेड कॅरमल सॉस: मदत हवी आहे

सासऱ्यांना मधुमेह असल्यामुळे फोंड्यातील आमच्या घरी गोडासाठी एरिथ्रिटॉल वापरतात. साखर साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळून तांबूस होते व तिला खमंग, किंचित कडसर चव येते. एरिथ्रिटॉल मात्र १२० अंशांच्या आसपास वितळूनही पांढरेच राहते, आणि लोणी व क्रीम घालून केलेला सॉस फ्रिजमध्ये ठेवताच रवाळ होतो. अ‍ॅल्युलोज (साखरेऐवजी वापरायचा आणखी एक गोड पदार्थ) लवकर तांबूस होते, म्हणून दोन्ही एकत्र करावीत का, आणि कोणत्या प्रमाणात? गोव्यात अ‍ॅल्युलोज कोठे मिळेल? (माडाचा गूळ कृपया सुचवू नये; तीही साखरच.) मीठ आगरवाड्याच्या मिठागरातले, जाडे आहे; ते गरम सॉसमध्ये विरघळवावे की वाढताना वरून भुरभुरावे?